गडावरची मऊ खिचडी: डब्यावरचा बर्नर की नळीचा स्टोव्ह?

तीन-चार वर्षांचं मूल घेऊन गडावर मुक्काम करायचा आणि त्याला ताजं, गरम जेवू घालायचं, तर प्रश्न शेवटी स्टोव्हपाशी येऊन थांबतो. हरिश्चंद्रगड, रतनगड हा भाग अभयारण्यात येतो, तिथे चूल पेटवायचा विचारच नको. उरतात दोन पर्याय: गॅसच्या डब्यावर थेट फिरवून बसवायचा बर्नर, किंवा डबा बाजूला ठेवून नळीने जोडायचा बसका स्टोव्ह.

डब्यावरचा बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास, मुठीत मावणारा आणि स्वस्त. चहा, दूध, फार तर मॅगी एवढाच बेत असेल तर तोच घ्यावा. दुसऱ्याचं जादाचं दीड-दोनशे ग्रॅम ओझं कशाला?

खिचडीचं गणित वेगळं. दोन मोठे आणि एक लहान यांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ. अर्धा तास भिजवून सहा वाट्या पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवायची. मुलाचा वाटा तूप-मेतकूट घालून आधी काढायचा, मग उरलेल्यावर लसूण-मिरचीची फोडणी. दाटायला लागली की तळापासून ढवळावंच लागतं, कारण छोट्या बर्नरची आच मधोमध एकवटते आणि तिथेच खिचडी लागते. डबा, बर्नर, पातेलं मिळून उंची जवळजवळ फूटभर. एका हातात सांडशी, दुसऱ्यात डाव. डबा धरायला आणि जवळ येणाऱ्या मुलाला अडवायला तिसरा हात कुठून आणणार? माझा कौल या ढवळण्यानेच ठरला. नळीच्या स्टोव्हचे पाय फाकलेले, पातेलं जमिनीलगत. चपट्या दगडावर ठेवला की दाबून ढवळता येतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नळीच्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा चहूबाजूंनी लावता येतो. डब्यावरच्या बर्नरला तसा लावला तर डबाच तापतो आणि फुटू शकतो. त्याला वाऱ्याच्या बाजूने अर्धाच आडोसा द्यावा, डब्याला अधूनमधून हात लावून पाहावा.

नळीवाल्यालाही जपावं लागतं. जोडातली रबरी रिंग सुकली की गॅस गळतो. निघण्याआधी घरीच, ज्योत न पेटवता, साबणाच्या पाण्याने तपासावं. नळी आचेखालून जाऊ देऊ नये. बर्नरजवळ गॅस तापवणारी पितळी नळी नसेल तर डबा आडवा पडू देऊ नये. द्रव गॅस थेट आला की भडका उडतो. मूल नळीत पाय अडकवू शकतं, म्हणून डबा मोठ्या माणसाच्या बाजूला. तंबूच्या आत दोन्हींपैकी काहीच पेटवायचं नाही.

शिजवून खाणाऱ्यांनी नळीचा घेतलेला बरा, असं मला वाटतं. दुकानात घरचं दोन लिटरचं पातेलं नेऊन, पाणी भरून स्टोव्हच्या पायांवर ठेवून पाहा. डाव फिरवताना सरकलं तर दुसरं मॉडेल मागा.