तीन वर्षांत बाहेर पडायचं का चौथं वर्ष करायचं? पुण्यातल्या बीए-बीएस्सीवाल्यांसाठी

सध्या स्टाफरूमच्या दारात रोज कुणीतरी मार्कशीटचं फोल्डर घेऊन उभं असतं आणि प्रश्न एकच, मॅडम, तीन का चार? मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजात सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. पदवी तीन वर्षांची की चार ही निवड देणारं नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांमधे २०२३-२४ पासून आलं आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांमधे २०२४-२५ पासून, त्यामुळे हा प्रश्न आधीच्या बॅचला कधी पडलाच नव्हता आणि घरी ताई-दादाला विचारून उत्तर मिळत नाही. म्हणून जे मी तोंडी दहा वेळा सांगते तेच इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी वर्षांचा हिशोब, कारण तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. "चौथं वर्ष केलं की एक वर्ष वाचतं" असं मुलं म्हणतात आणि पालक तर छातीठोकपणे म्हणतात. नाही वाचत. तीन वर्षांची पदवी घेतली तर एमए/एमएस्सी दोन वर्षांचं, चार वर्षांची ऑनर्स घेतली तर एमए एक वर्षाचं, म्हणजे मास्टर्सपर्यंत पोचायला दोन्हीकडून पाचच वर्षं लागतात. खरंच वेळ वाचतो तो फक्त पीएचडीला, कारण यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं (एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५ टक्के सवलत). पण पीएचडी करून कॉलेजात शिकवायचं असं मनात असेल तर नीट ऐका, सहायक प्राध्यापकाच्या नेट-सेट या पात्रता परीक्षांना मास्टर्स लागतंच, खुल्या गटाला ५५ टक्क्यांसकट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट आपलंच विद्यापीठ घेतं, तेव्हा तिची पात्रता एकदा स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत आणि हे निम्म्या मुलांना माहीत नसतं. एक साधं ऑनर्स, त्यात मेजरचे म्हणजे मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर, रिसर्च मेथडॉलॉजी आणि ऑन जॉब ट्रेनिंग. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, त्यात सातव्या सेमला ४ आणि आठव्या सेमला ८ असं १२ क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) संशोधन, आणि त्यासाठी पहिल्या सहा सेममधे ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए म्हणजे सरासरी ग्रेड हवा. क्रेडिटमधे बघायचं तर तीन वर्षांचे १२० ते १३२, चार वर्षांचे १६० ते १७६.

मला स्वतःला विचाराल तर रिसर्चवालं चौथं वर्ष ज्याला जमतंय आणि आवडतंय त्याच्यासाठी फार चांगली गोष्ट आहे, पण ते कॉलेजवर अवलंबून आहे, अगदी शंभर टक्के. माझी एक विद्यार्थिनी फील्ड प्रोजेक्टसाठी मार्केट यार्डातल्या फुलबाजारात पहाटे पाचला जायची. झेंडू उतरवणाऱ्या बायकांना गाठून त्या कुठून येतात, टेम्पोचं भाडं किती देतात, माल उरला तर काय करतात हे विचारायची, तिच्या वहीच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या आणि मधल्या पानांत पाकळ्या चिकटलेल्या. या पोरीला चौथं वर्ष मिळायलाच हवं असं मला वाटलं, कारण तीन महिन्यांत तिचे प्रश्न संपले नव्हते, उलट वाढले होते. पण मी तिला आधी विचारायला लावलं की तुझ्या विषयात इथे मान्यताप्राप्त गाईड आहेत का आणि त्यांच्याकडे आधीच किती मुलं आहेत. गाईड नसेल तर हे १२ क्रेडिट म्हणजे गुगलवरून गोळा केलेली स्पायरल बाइंडिंगची फाइल होते आणि वर्ष जातं ते जातंच.

याउलट जो मुलगा एमपीएससीच्या मागे आहे त्याला मी सरळ सांगते, बाबा रे, तीनमधे बाहेर पड. राज्यसेवेला मान्यताप्राप्त पदवी लागते आणि तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवीच आहे, अर्धवट सोडलं असं त्यात काही नाही. घरी पैशाची ओढाताण असेल, लगेच नोकरीला लागायचं असेल, तरी हेच. पुढे मास्टर्स करावंसं वाटलं तर दोन वर्षांचा रस्ता उघडाच आहे, आणि त्या दोनमधलं एक करून थांबावं लागलं तरी पीजी डिप्लोमा हातात पडतो.

तीन अधिक दोनचा जो फायदा कुणी बोलत नाही तो जागेचा आहे. तीन वर्षं गावाकडच्या किंवा उपनगरातल्या कॉलेजात काढून मग प्रवेश परीक्षा देऊन विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या कॅम्पसवरच्या विभागात येणं हे खूप मुलांचं आयुष्य बदलणारं असतं. जयकर ग्रंथालय, वेगवेगळ्या विभागातली व्याख्यानं, कमवा आणि शिका योजनेत काम करून स्वतःचा खर्च भागवणारी जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं, यात रुळायलाच एक सेमिस्टर जातं. दोन वर्षं असतील तर उरलेली तीन सेम तुमची, एकच वर्ष असेल तर ओळखी होईपर्यंत परीक्षेचे फॉर्म आलेले असतात. मी स्वतः दोन वर्षांचं एमए केलं आणि दुसऱ्या वर्षात जे वाचलं त्यावरच आजपर्यंत शिकवतेय.

पण नाटकवाल्यांचा हिशोब उलटा निघतो. पुरुषोत्तम, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी कॉलेजची टीम बांधायला दोन-तीन वर्षं जातात, आणि आत्ता कुठे हातात सूत्रं आली म्हणताना तिसरं वर्ष संपतं, त्यांना चौथं वर्ष त्याच कॉलेजात मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. हे कारण घरी पटवणं अवघड आहे मान्य आहे, पण मला ते खोटं कारण वाटत नाही. आविष्कार संशोधन स्पर्धेत यूजी आणि पीजीचे गट वेगळे असतात, त्यामुळे रिसर्चवालं चौथं वर्ष करणाऱ्याला पदवीच्या गटात बरीच तयारी करून उतरता येतं.

परदेशात जायचं असेल तर देशावर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना बारावीनंतर चार म्हणजे एकूण १६ वर्षांचं शिक्षण लागतं, तिथे ऑनर्स थेट कामाला येतं. इंग्लंडमधे एका वर्षाच्या मास्टर्सला तीन वर्षांची पदवी सर्रास चालते.

अजून एक, २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी आहे, त्यामुळे काहीजण कॅम्पसवर रेग्युलर एमए आणि सोबत मुक्त विद्यापीठाची दुसरी पदवी असं करतात. झेपत असेल तर करा.

काहीही ठरवा, पण त्याआधी एबीसीचं खातं उघडून बघा, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, कारण तीननंतर थांबून परत यायचं असो की दुसरीकडे जायचं असो, तुमची क्रेडिट तिथूनच मोजली जाणार आणि ती सात वर्षं चालतात. आमच्या एका मुलाच्या आधारवर नावात "ए" दोनदा होता आणि कॉलेजच्या नोंदीत एकदाच, तेवढ्यावरून त्याच्या दोन सेमची क्रेडिट खात्यात दिसेनात. ऑफिसच्या खिडकीवर "उद्या या" ऐकत त्यानं जवळजवळ दीड महिना खेटे घातले आणि प्रवेशाची तारीख तोंडावर असताना पोरगं माझ्यासमोर रडलं, मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. त्यामुळे सहाव्या सेमचा निकाल लागायची वाट बघू नका. आत्ताच आधार, मार्कशीट आणि एबीसी तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग ताडून बघा, चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.