सात महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर: मिसिंग कुठून येतंय ते सापडलं

जानेवारीत आईला घेऊन तुळजापूरला निघालो होतो. घाटात तिसऱ्या गिअरला गाडी झटके मारायला लागली, पिकअप गेला आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा नुसता लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा मिसिंग चालू असतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; हे न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं, आणि तो तापून आतून वितळूही शकतो. मला हे माहीत नव्हतं. तशीच दामटत वर नेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

सोलापुरात गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली. स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थरथर तशीच. आता पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उतरवू म्हणाले, तेव्हा मी थांबलो आणि बाराशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, मागवला.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर बसवून मोबाइलला जोडला. कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर, तिसरा. पण कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. इंजिन थंड झाल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि होटगी रोडला चक्कर मारून आलो. आता पी०३०१! कॉइल जिथे गेली तिथे दोष गेला. एक कॉइल बदलली, थरथर थांबली. इंजेक्टरला हातही लावावा लागला नाही.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम मात्र लिहून ठेवा. दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान त्यात असतं, आणि कोडसोबत तेही पुसलं जातं. माझ्याकडे लोड जास्त दिसत होता, म्हणजे चढावर ठिणगी आणखी कमी पडत होती.

मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या उन्हात, गाडी पुन्हा स्लोवर अडखळू लागली. या वेळी कोड पी०१७१, मिश्रणात पेट्रोल कमी. खरी उकल फ्युएल ट्रिमने केली, म्हणजे मिश्रण नीट राहावं म्हणून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो त्या आकड्याने. स्लोवर लाँग टर्म ट्रिम अधिक १८ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ४. स्लोवर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत, ओढ खूप जास्त असते, त्यामुळे बारीक फटीतून शिरलेली, सेन्सरने न मोजलेली हवा तिथेच जास्त जाणवते. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं, रेस वाढवल्यावर आकडा चढला असता. शोधलं तर पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातला वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी, रबरी नळी कडक होऊन खालच्या बाजूने तडकलेली. नळी बदलल्यावर ट्रिम ३ वर आला.

उणिवा आहेत. माझ्या स्कॅनरवर एबीएस आणि एअरबॅगचे कोड दिसत नाहीत. फोनशी जोडणी मधूनच तुटते. एकदा आठवडाभर सॉकेटमध्येच राहिला आणि बॅटरी उतरली, आता काम झालं की काढून ठेवतो.

शेजारच्या काकांची गाडी पेट्रोलवर नीट चालते, सीएनजीवर झटके मारते. सीएनजी पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून रविवारी आधी त्यांचे प्लग काढून फट मोजणार आहोत, मग कॉइलकडे वळू.