टोकाला शिंग की हायलम, मुठीला ठोकळा की पोटातली पट्टी?

पट्ट्या चिकटवून धनुष्य घडवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा दोन जागी अडतो. दोरी जिथे अडकते ते टोक आणि हात जिथे बसतो ती मूठ. धनुष्याच्या वाकणाऱ्या भागाला मैदानावर 'लिंब' म्हणतात, पण सोलापूरच्या उन्हात त्या शब्दानं सरबतच आठवतं, म्हणून मी 'पातं' म्हणतो. तुमचं धनुष्य पाठीला (तिरंदाजापासून लांबची बाजू) बांबू, पोटाला (तिरंदाजाकडची बाजू) घट्ट लाकूड आणि ओढ, म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारा जोर, ३५ ते ४५ पौंड, असं धरून लिहितोय.

टोकाचा निर्णय दोरीपासून सुरू होतो. डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरची, दोरी थोडी ताणते, त्यामुळे झटक्यातला काही भाग तीच गिळते. डायनीमाच्या जातीची, म्हणजे फार मजबूत पॉलिथिलीन धाग्याची, दोरी जवळजवळ ताणत नाही, शिवाय बारीक असते. प्रत्येक बाणाला ती खाचेत रुतते. माझ्या पहिल्या धनुष्याला टोकाची जोड, म्हणजे टोकावर चिकटवायचा कडक तुकडा, न देताच मी ती चढवली. आठवड्याभरात बांबूच्या पाठीवर केसाएवढी चीर दिसली. बांबूचे सगळ्यात दाट तंतू सालीलगत असतात आणि मी कानशीनं नेमके तेच कापले होते. जोड पाठीवर चिकटवायची आणि पाठीकडची खाच त्या जोडातच संपवायची, हे तेव्हा कळलं.

आता जोड कशाची? म्हशीचं शिंग दिसायला राजस. घासत गेलात की काळंभोर, ओल्या पाटीसारखं चमकतं. मात्र घासताना केस जळल्याचा वास घरभर फिरतो, तेव्हा हे काम गच्चीवर. त्याची खोड अशी की ते दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि मुळात तेलकट असतं. चिकटवायची बाजू खरखरीत करून अॅसिटोननं पुसली नाही तर एक दिवस अख्खा तुकडा हातात येतो. कुणी सांबरशिंग देऊ केलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते अडकवतं.

हायलम, म्हणजे इलेक्ट्रिकच्या पॅनेलमध्ये असते ती तपकिरी शीट, दिसायला कळाहीन. पण हवेनं हलत नाही आणि दोरीला दाद देत नाही. कागदी घेऊ नका, पदर सुटतात, कापडी घ्या. घासताना मास्क हवाच. शिसव किंवा बाभळीचा तुकडा डॅक्रॉनला पुरतो आणि वखारीत कातरणातही मिळून जातो.

मापात मात्र हात आखडा. यंत्रमागाच्या धोट्याला पोलादी टोप्या असतात म्हणून आपल्याकडे टोक म्हटलं की भक्कम करायची सवय. धोट्याला वजन मानवतं, पात्याला नाही. मुठीत पाव किलो वाढलं तरी बाणाला पत्ता लागत नाही, कारण मूठ जागची हलत नाही. टोकाला पाच ग्रॅम वाढले की बाण मंदावतो आणि हाताला धक्का बसतो. ३ ते ४ मिलिमीटर जाडी, खाचेपाशी १२ मिलिमीटर रुंदी, बस्स. शिंग की हायलम असं विचाराल तर डायनीमाला हायलम. शिंग हौसेचं, आणि तेही डॅक्रॉनवर.

मुठीचं भांडण वेगळं. सोपा मार्ग म्हणजे पोटाकडून लाकडाचा ठोकळा चिकटवणं. एक संध्याकाळ, चार क्लॅम्प, काम संपलं. पण ठोकळ्याखालचं पातं जरासं जरी वाकलं तरी सगळा ताण ठोकळ्याच्या कडेला साठतो आणि गोंद तिथून उकलायला लागतो. दुसरा मार्ग पॉवर लॅमचा: दोन थरांच्या मध्ये, मुठीखाली, दोन्हीकडे निमुळती होत जाणारी पट्टी पुरायची, ठोकळ्याच्या उतारापलीकडे (ठोकळा निमुळता होत पात्यात मिळतो तो भाग) दोनेक इंच जाईल इतकी लांब. मग मूठ वाकतच नाही. ती पट्टी कागदासारखी निमुळती करायला माझी दोन रविवारची सुट्टी गेली आणि पहिली वायाच गेली. तरीही ४० पौंडांच्या वर मी हेच करीन. त्याखाली ठोकळा चालेल, पण त्याचा उतार दोन्ही बाजूंनी पाच सेंटिमीटर तरी हवा आणि शेवटी तो नखानं वाकेल इतका पातळ हवा.

गोंदाबाबत तडजोड नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. पाच मिनिटांत जमणाऱ्या इपॉक्सीनं बसवलेली माझी मूठ मे महिन्यात बंद गाडीत राहिली. बाहेर ४२ अंश, आत त्याहून कितीतरी जास्त. दुपारी दोरी चढवताना ठोकळा तिरका झालेला दिसला. साधा इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडतो. सावकाश जमणारा घ्या, क्लॅम्प बेताचे आवळा (फार आवळलं की गोंद सगळा बाहेर येतो), आणि जमल्यावर क्लॅम्पसकट एक दिवस गच्चीवरच्या उन्हात ठेवा. उष्णतेत जमलेला इपॉक्सी पुढची उष्णता जास्त सोसतो.

ओढ वाढवताना मुठीत 'टक्' असं वाजलं तर लगेच थांबा आणि वहीचा कागद उताराच्या टोकाखाली सरकतो का बघा. नुसता कोपरा शिरत असेल तर फटीत पातळ सुपर ग्लू सोडा, वरून सुती सूत घट्ट, वेढ्याला वेढा लावून दोन सेंटिमीटर गुंडाळा आणि त्यावर इपॉक्सी चोपडा. कागद बोटभर आत गेला तर ठोकळा काढून पुन्हा बसवावा लागेल.