गुंता खाली, चूक वर: शिलाई मशीन आठ महिने वापरल्यानंतर

कंपनीचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. या किमतीतली घरगुती झिगझॅग मशीनं आतून जवळपास सारखीच असतात, आणि पुढे जी रडगाणी येणारेत त्यातली निम्मी मशीनची नाहीतच, माझी आहेत. 13,500 ला पुण्यात दुकानातून घेतलं, ऑनलाईन 900 रुपयांनी स्वस्त दिसत होतं, पण बिघडल्यावर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हा प्रश्न होता म्हणून दुकान.

घ्यायची वेळ का आली तर आमच्या चर्चच्या महिला मंडळानं ठरवलं की नाताळला होस्टेलच्या मुलींसाठी 24 फ्रॉक आपणच शिवायचे. विकतचे नकोत. हात वर करणाऱ्यांत मी पहिली आणि घरात मशीन नाही! सासूबाईंचं काळं पायमशीन होतं, सोनेरी वेलबुट्टीवालं, चामड्याच्या पट्ट्याचं, ते त्या गेल्यावर नगरला धाकट्या जावेकडे गेलं. गेलं म्हणजे, मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते की तिनं नेलं. त्यावर येतेच पुढे.

मशीनबद्दल. 21 प्रकारची टीप आहे असं खोक्यावर लिहिलंय, त्यातल्या मी 4 वापरते आणि तुम्हीही तेवढ्याच वापराल. सरळ, झिगझॅग, काज, आणि लवचिक कापडाची ती तुटक तुटक. बाकी बदकं नि पानंफुलं पहिल्या आठवड्यात जुन्या उशीच्या अभ्र्यावर काढून बघितली, झालं. वजन हलकं, सहा-साडेसहा किलो, त्यामुळे काम झालं की कपाटात ठेवता येतं, पण हलकं असल्यामुळेच जीन्सला टीप मारताना टेबलावर थयथय नाचतं. खाली रबराची मॅट घाला. आवाज बऱ्यापैकी आहे. मी शिवताना फोनवर ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं लावते, सावकाश टिपेला ऐकू येतात, पॅडल जोरात दाबलं की पेटी गायब आणि नुसत्या झांजा उरतात.

सुईत दोरा ओवायचा ऑटोमॅटिक हूक आहे, माझ्या वयाला तोच खरा आधार. 14 आणि 16 नंबरच्या सुईला झकास चालतो, 11 च्या बारीक सुईला कधी लागतो कधी नाही. पहिल्यांदा तो हूक नेढ्यातून दोरा ओढून मागे आला तेव्हा उंट आठवला, आठवणारच. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं. यावर लहानपणापासून दर थोड्या वर्षांनी एक प्रवचन ऐकतेय की यरुशलेमात ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता म्हणे आणि उंट गुडघे टेकून, पाठीवरचं ओझं उतरवून त्यातून जायचा. येशूच्या काळात असा दरवाजा होता याला काही पुरावा नाही, ही गोष्ट फार नंतर कुणीतरी जोडली. आणि मला तर त्या दरवाजाचा रागच येतो, कारण त्यानं सगळं सोपं करून टाकलं, जरा वाका की झालं. चष्मा लावून, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून, तिसऱ्या खेपेला ज्यांचा दोरा नेढ्यातून गेलाय त्यांना विचारा. येशू सुईबद्दलच बोलत होता, म्हणूनच शिष्य घाबरून म्हणाले की मग तारण तरी कुणाचं होणार.

आमच्या मंडळीत ही एक सवयच आहे, दिसेल त्या वस्तूतून धडा काढायचा. कुकरची शिटी झाली, काढ धडा. मोबाईलचं चार्जिंग संपलं, काढ धडा. मीही संडे स्कूलला शिकवताना भरपूर काढलेत आणि त्यातले बरेच ओढूनताणून होते. पण शिवणाचं वेगळं आहे, कारण शिवण बायबलात खरंच आहे, आपण बाहेरून आणून चिकटवायला नको. पहिली शिवण उत्पत्तीच्या तिसऱ्याच अध्यायात आहे, अंजिराच्या पानांची, लाज झाकायला, आणि ती काही टिकली नसणार, कारण त्याच अध्यायाच्या शेवटी देव स्वतः त्या दोघांना चामड्याचे अंगरखे करून घालतो. बागेतून बाहेर काढायच्या आधी कपडे घालून देतो. हे मी शंभरदा वाचलं असेन, पण फ्रॉक नंबर 3 ची बाही उलटी लागली आणि उसवत बसले तेव्हा कुठे ते वाक्य नीट दिसलं.

कापडाबद्दल एक महत्त्वाचं, रिव्ह्यूशी थेट संबंध नाही पण लिहिते. कोरं कापड आणलं की रात्रभर पाण्यात घाला, वाळवा, मग कापा. मी नाही घातलं. 24 फ्रॉकचं कापड एकदम आणलेलं, वेळ नव्हता, पहिला फ्रॉक शिवून कौतुकानं धुतला आणि उंचीला चांगला दोन बोटं आखडला. मग बाकीचं सगळं कापड बादल्यांमध्ये, गॅलरीत दोऱ्या, नवऱ्याची बडबड.

हेच बायबलात मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहे, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ कुणी लावत नाही, लावलं तर ते जुन्याला ओढतं आणि भोक आणखी मोठं होतं. यावर प्रवचनं ऐकली ती सगळी जुना करार नवा करार अशी. असेलही. पण मराठी बायबलात ‘कोरं’ हा नेमका शब्द आहे आणि आपल्याकडे कोरं म्हणजे ज्याला अजून पाणी लागलं नाही ते. आजी गोधडीला नेहमी जुनी लुगडी घ्यायची, नवं कापड कुणी दिलं तर आधी त्याचा फडका करून वर्षभर वापरायची, कारण जुन्या लुगड्याचं आखडायचं ते आखडून झालेलं असतं, ते शेजारच्या तुकड्याला ओढत नाही. ठिगळ कसं ओढतं हे येशूला माहीत होतं म्हणजे ते त्यानं घरात बघितलं असणार, मरीयेच्या हातचं. हे माझं मत, बायबलात लिहिलेलं नाही.

आता मुख्य रडगाणं. चौथ्या दिवशी मशीननं खालून जाळं करायला सुरुवात केली. वरून टीप बघावी तर सुरेख, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं घरटं, पक्ष्यानं बांधल्यासारखं, आणि कापड अडकून बसलेलं. आता खाली गुंता म्हणजे चूक खालची, इतकं साधं. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, बदललं. पुन्हा भरलं. ते बसतं त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, बारीक स्क्रू फिरवला, जो फिरवू नये. शटल काढून साफ केलं, तेल घातलं. दुकानात फोन करून म्हटलं तुम्ही खराब बॉबिन केस दिलीय, बदलून द्या. ते म्हणाले माणूस पाठवतो, आणि माणूस आला तो 11 दिवसांनी! सर्व्हिसचे स्टार मी इथेच कापते, नाताळ तोंडावर आणि 11 दिवस म्हणजे काय.

आलेला मुलगा पंचविशीतला. मी माझी सगळी तक्रार खालच्या बाजूची सांगितली, उसवलेली कापडं दाखवली. त्यानं बॉबिनला हातच लावला नाही. वरचा दोरा पूर्ण काढला आणि म्हणाला, “काकू, दोरा ओवताना फूट वर होता का खाली?” फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो. मी म्हटलं लक्षात नाही. म्हणाला, “फूट खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही, वरूनच घसरतो. मग वरचा मोकळा दोरा सगळा खाली जाऊन साचतो. खाली गुंता दिसला की नेहमी वर बघायचं.” फूट वर केला, दोरा ओवला, फूट खाली, टीप मारली. दोन्ही बाजूंनी सारखी. दोन मिनिटं लागली असतील. मग मी बिघडवलेला तो बारीक स्क्रू जागेवर आणायला मात्र त्याला वीस मिनिटं लागली, बॉबिन केस दोऱ्यानं लटकवून, हलका झटका देऊन ती जराशीच खाली सरकते का ते बघत बसला होता.

तो गेला आणि मी चहा ठेवला आणि मला काळं मशीन आठवलं.

कारण झालं असं होतं की सासूबाई गेल्यावर नगरच्या घराची आवराआवर चालली होती आणि धाकट्या जावेचा फोन आला होता, “ताई, मशीनचं काय करू?” आणि मी इथे पुण्यात ऑफिसच्या गडबडीत म्हटलं होतं की आमच्या फ्लॅटमध्ये ती अडगळ कुठे ठेवू, तूच बघ काय ते. माझे शब्द. नंतर दोन वर्षं मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक प्रार्थनासभेत, सासूबाईंचं मशीन तिनं नेलं, साधं विचारलंसुद्धा नाही, असं सांगत फिरत होते. आणि मला ते खरंच वाटत होतं, मुद्दाम खोटं बोलत नव्हते. आमच्यातला सगळा गुंता मला खालीच दिसत होता, नगरच्या बाजूला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्यातलं मुसळ मी संडे स्कूलच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलंय, हशा पिकतो. माझं मला दिसायला सर्व्हिसचा मुलगा यावा लागला, तोही वॉरंटीत म्हणून फुकट.

असो. फ्रॉक झाले, 24 पैकी 22 मी आणि अजून एका बाईंनी, 2 विकत आणावे लागले. या काळात बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधली टबीथा, तिलाच दुर्कस म्हणतात, ती पुन्हा वाचली. यापो गावातली. ती वारते, पेत्राला बोलावतात, आणि विधवा रडत त्याला काय दाखवतात तर तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. मग तो तिला उठवतो. पण गंमत बघा, या बाईच्या तोंडचं एकही वाक्य बायबलात नाही. उठून बसल्यावरसुद्धा बोलल्याचं लिहिलेलं नाही. पौल तंबू करायचा, करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडे राहिला तो त्यांचा धंदा एकच म्हणून, पण पौलाची आपल्याकडे पत्रंही आहेत, भरपूर. टबीथाचे फक्त कपडे. परदेशात चर्चच्या बायकांनी 19व्या शतकात गरिबांसाठी शिवणाच्या सोसायट्या काढल्या त्या तिच्याच नावानं, डॉर्कस सोसायटी. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तर बायकांनी अख्खं मराठी बायबल स्वतः जुळवून छापलं, टाईप उचलून उचलून. आमच्या मंडळात मात्र मीटिंगला बोलायला 30 जणी आणि शिवायला 2, हे मी मंडळातही बोलले आहे.

पुन्हा मशीन. नवीन घेणाऱ्यांनी एवढं ऐका, कापड ओढू नका. खालचे दात कापड आपणहून पुढे नेतात, आपण नुसतं सरळ धरायचं. घाईत मागून ओढलं की सुई वाकते, वाकलेली सुई प्लेटवर आपटते आणि तुकडा कुठे उडेल नेम नाही. मी 3 सुया अशाच मोडल्या. यातूनही धडा निघतो, पाळकसाहेबांनी काढलाही, मी काढत नाही. सुईची चपटी बाजू मागे. साधारण 8 तास शिवून झालं की सुई बदला, बोथट झाली की टप टप आवाज येतो. जीन्सला 16 नाहीतर 18 लावा. साडीला फॉल लावायला छान, पण पिको आणि खरं ओव्हरलॉक यावर होत नाही, दुकानदार होतं म्हणेल, ते झिगझॅग असतं. ज्यांना रोज आठ-आठ तास धंद्याचं शिवायचंय त्यांनी हे घेऊ नका, आतले काही गिअर प्लॅस्टिकचे आहेत, तुम्हाला लोखंडीच लागेल.

मशीनला 4 स्टार, सर्व्हिसच्या उशिराला 2, त्या मुलाला 5.

नाताळच्या आधी नगरला फोन केला. अडगळ वगैरे आठवण करून दिली, म्हटलं मीच म्हणाले होते. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “ताई, त्याचा चामड्याचा पट्टा तुटलाय, इथे सगळे रबराचा देतात, पुण्यात मिळतो का बघा.” मिळाला, तिसऱ्या दुकानात. दोन घेतले.