ओहायो स्टेट: प्ले कॉल डेने करावेत की दुसऱ्याने?

ओहायो स्टेट ही अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम. ती हरली की कोलंबसमध्ये खापर फोडायला डोकं शोधावं लागत नाही. क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूने) चेंडू थेट विरोधी खेळाडूच्या हातात दिलेला असो, किकरने सोपी किक घालवलेली असो, वाद शेवटी एकाच प्रश्नावर येतो: प्ले कॉल, म्हणजे पुढची चाल कोणती ते ठरवून सांगणं, कोण करत होतं? क्रिकेटवर वाढलेल्या आणि शिकायला तिथे गेलेल्या आपल्या मुलांना हे आधी विचित्र वाटतं. क्रिकेटचा कोच ड्रेसिंग रूममध्ये बसतो, प्रत्येक चेंडू कसा खेळायचा ते सांगत नाही. इथे प्रत्येक चाल बाहेरून येते. त्यामुळे एखादा हंगाम पाहिला की तुम्हालाही बाजू घ्यावीच लागते. मुख्य कोच रायन डेने ऑफेन्स (चेंडू घेऊन हल्ला करणारी बाजू) स्वतःच चालवावा, की प्ले कॉल करायला वेगळा माणूस ठेवावा? दोन्ही प्रकार आता करून झालेत, त्यामुळे तुलना करायला पुरेसा मालमसाला आहे.

आधी काम काय असतं ते बघू. दोन प्लेंच्या मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. तेवढ्यात मागच्या प्लेचं काय झालं ते पाहायचं, समोरचा डिफेन्स (हल्ला अडवणारी बाजू) काय करेल याचा अंदाज बांधायचा, हातातल्या भल्यामोठ्या लॅमिनेटेड कागदावरून चाल निवडायची आणि ती क्वार्टरबॅकपर्यंत पोचवायची. २०२४ पासून कॉलेज फुटबॉलच्या वरच्या स्तरावर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येतं, पण घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. म्हणजे कॉल करणाऱ्याला जेमतेम २५ सेकंद. त्याच वेळी मुख्य कोचला टाइमआउट घ्यायचा का, फोर्थ डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) पंट करायचा, म्हणजे चेंडू लाथेने लांब विरोधकाकडे घालवायचा, की धोका पत्करायचा, हेही ठरवायचं असतं. दोन्ही कामं एकाच डोक्यावर आली की खरी गोची होते ती डिफेन्स मैदानात असताना. त्या वेळी स्वतः प्ले कॉल करणारा कोच बेंचवर क्वार्टरबॅकशेजारी बसून पुढच्या चालींची तयारी करत असतो. मैदानात आपला डिफेन्स कसा फाटतोय याकडे त्याचं अर्धंच लक्ष.

डे स्वतः: २०१९ ते २०२३

डेच्या बाजूने बोलणारे त्याच्या दोन क्वार्टरबॅकची, जस्टिन फील्ड्स आणि सी. जे. स्ट्राउडची, नावं घेतात, आणि बरोबरच घेतात. जानेवारी २०२२ च्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात यूटाविरुद्ध ४८-४५ असा विजय मिळाला तेव्हा स्ट्राउडने ५७३ यार्ड फेकले होते. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी जॉर्जियाविरुद्ध ४२-४१ असा पराभव झाला, शेवटची किक बाहेर गेली. पण तो सामना पाहिलेला कुणीही डेला ऑफेन्स कळत नाही असं म्हणणार नाही. देशातल्या सगळ्यात कडक डिफेन्सपैकी एकासमोर त्याने रिसिव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) मोकळे करून दाखवले होते. २०२३ संपला तेव्हा मुख्य कोच म्हणून त्याच्या खात्यावर ५६ विजय आणि फक्त ८ पराभव होते.

त्या आठांतले तीन मिशिगनकडून, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून. तिथेच सगळं घोडं अडतं. कोलंबसमध्ये मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल टेपने फुली मारतात. ज्या गावात शत्रूचं आद्याक्षरसुद्धा चालत नाही, तिथे लागोपाठ तीन पराभव म्हणजे काय ते समजून घ्या. २०२२ मध्ये घरच्या मैदानावर मध्यंतराला ओहायो स्टेट २०-१७ अशी पुढे होती. उरलेल्या अर्ध्या सामन्यात तिने ३ गुण केले आणि ४५-२३ हरली. मिशिगनचे लांबलांब टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) हे डिफेन्सचं पाप होतं, ते प्ले कॉलिंगच्या माथी मारू नये. पण दुसऱ्या हाफमध्ये ऑफेन्स आखडला, हे आकडाच सांगतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा डे मिशिगन समोर आली की फुंकर घालत बसतो. हे माझं मत. ते न पटणारेही भरपूर आहेत.

दुसऱ्याच्या हाती: केली आणि हार्टलाइन

२०२४ च्या सुरुवातीला डेने चालींचा कागद खाली ठेवला. आधी बिल ओब्रायन आला, पण काही आठवड्यांतच बॉस्टन कॉलेजचा मुख्य कोच होऊन गेला. मग चिप केली आला, तोही यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य कोचपद सोडून. मुख्य कोच आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या हाताखाली येतो, असं सहसा घडत नाही. इथे नातं मात्र जुनं. न्यू हॅम्पशायरला डे क्वार्टरबॅक होता तेव्हा ऑफेन्स केलीकडे होता, आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ईगल्स आणि फोर्टीनाइनर्स संघांत डेने केलीच्या हाताखाली काम केलं. म्हणजे शिष्य साहेब आणि गुरू हाताखाली.

या जोडीचं मोजमाप दोन सामन्यांत होतं, आणि निवड करणाऱ्याने हे दोनच सामने नीट पाहिले तरी पुरे.

पहिला ३० नोव्हेंबर २०२४ चा. मिशिगन ६ विजय, ५ पराभव अशा अवस्थेत कोलंबसला आली होती. तिचा सर्वात चांगला कॉर्नरबॅक (रिसिव्हरला अडवणारा) विल जॉन्सन जखमी होऊन बाहेर, म्हणजे बाजूंना माल मोकळा. मध्यभागी मात्र मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. पुढच्या वर्षी दोघेही एनएफएल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत गेले. इकडे ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स आणि सेंटर सेथ मक्लॉक्लिन दोघेही जखमी, म्हणजे लाइनचा (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीचा) कणाच मोडलेला. शाळकरी पोरगासुद्धा म्हणाला असता, बाजूंनी जा, रिसिव्हर जेरेमाया स्मिथकडे फेका. झालं उलटं. पुन्हा पुन्हा मधूनच धावायचा हट्ट. २६ वेळा धावून ७७ यार्ड. १३-१० असा पराभव, डेला काढून टाका अशी ओरड, आणि सामन्यानंतर मैदानातच दोन्ही संघांची मारामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे. लक्षात घ्या, त्या दिवशी कागद केलीच्या हातात होता. कॉल करणारा बदलला, तरी नोव्हेंबरचा आखडूपणा तसाच राहिला.

दुसरा १ जानेवारी २०२५ चा रोझ बोल. समोर अपराजित, अव्वल मानांकित ओरेगन. ऑक्टोबरमध्ये तिनेच ३२-३१ असं हरवलेलं. लाइन तीच मोडकी, खेळाडू तेच, केलीही तोच. तिसऱ्याच प्लेला स्मिथला ४५ यार्डांचा टचडाउन. मग एमेका एग्बुका, मग ट्रेव्हियन हेंडरसनची ६६ यार्डांची धाव. दुसऱ्या क्वार्टरमध्येच फळा ३४-० दाखवत होता. बाजू पसरवल्यामुळे मध्यभाग रिकामा झाला आणि तिथून हेंडरसन सुटला. मिशिगनविरुद्ध जे उलट्या क्रमाने करायला गेले, ते इथे सुलट केलं. पुढे टेक्सासला २८-१४ आणि अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेती झाली.

त्या अंतिम सामन्यातला एक प्ले तर या वादाचा गाभा आहे. ३१-२३ अशी आघाडी, घड्याळ संपत आलेलं, थर्ड डाउन आणि अकरा यार्ड हवेत. दहातले नऊ कोच इथे चेंडू धावायला देतात, वेळ खातात आणि पंट करतात. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने लांब चेंडू टाकला, स्मिथने तो ५६ यार्डांवर झेलला आणि सामना तिथेच संपला. असा प्ले कागदावर ठेवायला कॉल करणारा छातीचा लागतो, आणि त्याला मान डोलवायला मुख्य कोचही.

केली लगेच एनएफएलला गेला. २०२५ मध्ये प्ले कॉलिंग ब्रायन हार्टलाइनकडे आलं. रिसिव्हर घडवण्यात त्याचा हात धरणारा देशात कुणी नाही, पण मोठ्या संघासाठी प्ले कॉल करण्याचा अनुभव कोराच. सोबत पहिल्याच वर्षी सुरुवातीपासून खेळणारा क्वार्टरबॅक ज्युलियन सायन. तरी बारापैकी बारा सामने जिंकले. ॲन आर्बरला जाऊन मिशिगनला २७-९ असं धुतलं, चार वर्षांचा डाग गेला. मग बिग टेन या आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात इंडियानाविरुद्ध फक्त १० गुण आणि १३-१० असा पराभव. त्या सामन्यात गोललाइनजवळ फोर्थ डाउनला इंचाइंचाने अडकले आणि शेवटी जवळची किकही चुकली. हार्टलाइन साउथ फ्लोरिडाचा मुख्य कोच ठरल्यावर मायामीविरुद्धच्या कॉटन बोलला डेने कागद पुन्हा स्वतः घेतला. निकाल: १४-२४.

त्या एका सामन्यावरून डेवर शिक्का मारणं अन्यायाचं होईल. पण 'डेने स्वतः घेतलं की सगळं सुटेल' म्हणणाऱ्यांचं तोंड त्या रात्री बंद झालं, एवढं खरं.

तिसरा एक मार्गही असतो, घरचाच माणूस बसवायचा. तो आयोवाने वापरून पाहिला. तिथल्या मुख्य कोच कर्क फेरेंट्झचा मुलगा ब्रायन ऑफेन्स सांभाळायचा, आणि २०२३ च्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अटच घालावी लागली. हंगाम संपता संपता सरासरी पंधराच्या आसपास रेंगाळत होती, आणि त्याला जावं लागणार हे ऑक्टोबरमध्येच जाहीर झालं होतं. त्या वाटेला जाऊ नये.

मग बाजू कोणती घ्यायची?

क्वार्टरबॅक कसा घडतो, पासिंगचे नवनवे डाव कसे रचले जातात, हे पाहायला तुम्हाला आवडत असेल तर डेच्या बाजूने उभे राहा. त्याबाबत त्याच्या तोडीचे कमी आहेत. चाल रचणं आणि ती २५ सेकंदांत निवडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि पहिलं त्याच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. केलीच्या वर्षीही आराखडा दोघांचा होता.

माझं मत वेगळ्या माणसाच्या बाजूने, पण एका अटीवर. त्याला डेला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. केली ते म्हणू शकत होता, कारण डे फुटबॉल त्याच्याकडूनच शिकलेला. हार्टलाइन मात्र वर्षानुवर्षं डेच्या हाताखाली वाढलेला. मोठ्या सामन्यात साहेबाचा हात खांद्यावर असताना त्याला मोकळेपणाने फटका मारता आला असेल, असं इंडियानाचा सामना पाहून तरी वाटत नाही. म्हणून 'तरुण, होतकरू, आपल्यातलाच' अशा नावांपेक्षा मी कुठेतरी मुख्य कोच राहून आलेला, थोडा हेकट माणूस पसंत करेन. तो दोन वर्षांत सोडून जाईल हा धोका आहेच. जाऊ दे.

अजूनही ठरत नसेल तर पुढच्या सामन्यात धावफलक विसरा. पहिले पंधरा-वीस प्ले बहुतेक संघ आधीच लिहून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीच्या दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या सलग चाली) छान झाल्या म्हणून हुरळू नका. तिसऱ्या ड्राइव्हपासून फर्स्ट डाउनला काय करतात ते मोजा. लागोपाठ तीनदा मधूनच धावले आणि समोरची लाइन तगडी असेल, तर कॉल कुणाचाही असो, भीती मुख्य कोचची आहे. आणि ओहायो स्टेटचा डिफेन्स मैदानात असताना कॅमेरा डेवर गेला, तर तो बेंचवर क्वार्टरबॅकपाशी आहे की साइडलाइनवर उभा राहून डिफेन्स पाहतोय, तेवढं बघून ठेवा.