समाजमंदिर: स्लॅब की पत्रा?

गावात समाजमंदिर बांधायचं ठरलं की बैठकीत पहिला वाद छताचा. पत्रा स्वस्त, लवकर उभा राहतो, वजनाला हलका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, झोपलेल्या माणसांवर कोसळली. ते पाहिलेल्यांना हलकं छप्पर बरं वाटणारच. पण मे महिन्यात ४२ अंशांत, भर दुपारी, पत्र्याखाली बचत गटाच्या बायांनी बसायचं कसं? पाऊस आला तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

स्लॅबला खर्च जास्त आणि पाणीही जास्त. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवायला, रोज पाणी मारावं लागतं, म्हणून दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असतानाच काम काढावं. टँकरच्या भरवशावर उन्हाळ्यात स्लॅब टाकू नये. कॉलम-बीमचं डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्यावं, भूकंपाचा हिशोब धरून. पुढे वर मुलांची अभ्यासिका चढवता येते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझं मत स्लॅबलाच. पंगतीपुरतं बाजूला पत्र्याचं शेड चालेल. आणि छत कोणतंही घ्या, काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते.