जिवलग मित्रासोबत मुंबईत एक दिवस: घारापुरी करावी की फोर्ट?

सकाळी यायचं, रात्री परतायचं, सोबत जवळचा मित्र किंवा मैत्रीण, आणि मुंबई नुसती टॅक्सीच्या काचेतून बघायची नाही. अशा दिवसासाठी आम्ही दोनच बेत सुचवतो. एक, गेटवेवरून लाँचने घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या गुंफा. दुसरा, सीएसएमटीपासून काळा घोड्यामार्गे गेटवेपर्यंत पायी फोर्ट, म्हणजे दक्षिण मुंबईचा जुना इंग्रजी काळातला भाग. राणीची बाग, हाजी अली, जुहू, सिद्धिविनायक असं सगळं एका दिवसात कोंबलं की अर्धा दिवस सिग्नलवर जातो. म्हणून दोनांतला एकच बेत निवडा आणि तो नीट करा.

आधी परतीची गाडी बघा

निवड बहुतेक वेळा इथेच होऊन जाते. समजा, तुम्ही पुण्याहून डेक्कन क्वीनने येताय. गाडी साधारण साडेदहाला सीएसएमटीला लागते आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत सुटते. आता घारापुरीचा हिशोब मांडा. स्टेशनातून बाहेर पडून टॅक्सीने गेटवे, तिथली सुरक्षा तपासणी आणि तिकीट यात अकरा-सव्वाअकरा होतात. लाँच भरल्यावरच सुटते, म्हणजे साडेअकरा. पाण्यात एक तास. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत चाल, मग सुमारे 120 पायऱ्या. गुंफेत पोहोचेपर्यंत एक वाजतो. दीड तास गुंफा बघून खाली उतरलात आणि परतीची लाँच लगेच मिळाली, तरी गेटवेला चार-सव्वाचार. वाटेत ट्रॅफिक लागलं किंवा धक्क्यावर रांग असली, की गाडी चुकलीच. डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन करणाऱ्यांनी घारापुरीच्या भानगडीत पडू नये. परतीला रात्रीची गाडी किंवा बस असेल तरच तो बेत धरा. फोर्टमध्ये हा ताण नाही. कुठेही असलात तरी सीएसएमटी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर असतं.

मग वार बघा. घारापुरीच्या गुंफा सोमवारी बंद असतात, तरीही सोमवारी गेटवेला येऊन माघारी फिरणारे दिसतातच. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारतही सोमवारी बंद, पण समोरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र उघडं. रविवारी उलट चित्र असतं. फोर्टचे रस्ते मोकळे, फोटोला उत्तम. पण ऑफिसांवर चालणारी बरीच खाण्याची ठिकाणं बंद आणि लोकलला मेगाब्लॉक. घारापुरीला रविवारी तोबा गर्दी. सुटीतच जायचं असेल तर शनिवारची सकाळ दोन्हींना त्यातल्या त्यात बरी.

घारापुरीत नेमकं काय मिळतं

सहाव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी, 1987 पासून जागतिक वारसा यादीत. खरं बघण्यासारखं पहिल्या क्रमांकाच्या गुंफेत आहे, बाकीच्या गुंफा अर्धवट किंवा फार झिजलेल्या. त्यामुळे वेळ कमी असेल तर सगळा पहिल्या गुंफेला द्या.

उत्तरेच्या दाराने आत गेल्यावर लोक तडक समोरच्या भिंतीवरच्या सदाशिवाकडे जातात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात. तसं करू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पाचेक मिनिटं लागतात, तोवर खांबांमध्ये उभे राहा. मग तीन मुखांच्या त्या सहा मीटरच्या आसपास उंच मूर्तीपुढे थांबा. डावीकडचा चेहरा उग्र, मिशीवाला. मधला मिटल्या डोळ्यांचा, शांत. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ. या मूर्तीकडे तोंड करून उभं राहिलं की तिच्या डावीकडच्या भिंतीवर अर्धनारीश्वर आहे. पुरुषाच्या बाजूचा एक हात नंदीवर टेकलेला आणि स्त्रीच्या बाजूच्या वरच्या हातात आरसा. कमरेचा बाक एका अंगाला आहे आणि दुसऱ्या अंगाला नाही, हे सोबतच्याला दाखवा. एकाच दगडात दोन शरीरं उभी करण्याची ती करामत जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न), गंगाधर (गंगा जटेत झेलणारा शिव), कैलास हलवणारा रावण, अंधकवध हे पट फिरून बघायला तास सहज जातो. हातापायांची मोडतोड बरीच झाली आहे; खालचे भाग तुटलेले आणि चेहरे शाबूत, असं खूपदा दिसेल.

व्यवहाराच्या गोष्टी अशा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये. लाँचचं जाऊन-येऊन तिकीट अडीचशे ते तीनशेच्या घरात, वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे तिथेच घेतात. तिकिटाचा तुकडा परतीपर्यंत जपून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बांधून बसा. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेली लाँच अपघातात बुडाली, त्यानंतर यात संकोच करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. शेवटची परतीची लाँच किती वाजता, हे उतरतानाच विचारा, आणि तिच्यावर अवलंबून न राहता तिच्या आधीची पकडा. माकडं हातातली पिशवी आणि बाटली ओढतात, म्हणून खाणं सॅकच्या आत आणि चेन लावलेली. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकानं आहेत; काकडी, कैरी, ताक मिळतं, पण जेवण यथातथाच. गुडघे दुखत असतील तर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पायऱ्या मात्र चढाव्याच लागतात किंवा डोलीचे पैसे मोजावे लागतात.

जून ते सप्टेंबर हा बेत काढून टाका. समुद्र खवळला की लाँच बंद होतात आणि ते त्या दिवशी सकाळीच कळतं.

फोर्ट, पायी

अंतर सीएसएमटी ते गेटवे सुमारे अडीच किलोमीटर. आडवळणं आणि शेवटी मरीन ड्राइव्ह धरली तर सहा-सात. सुरुवात स्टेशनच्या इमारतीपासूनच करा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली ही वास्तू 1888 मध्ये पूर्ण झाली. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने बघितल्याशिवाय तिचा घाट कळत नाही. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय. भिंतीवर दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधायला पंधरा मिनिटं ठेवा.

पुढे दादाभाई नौरोजी रस्त्याने चाला. इथले फुटपाथ कमानींखालून जातात, त्यामुळे अकराच्या उन्हातही सावली मिळते. हुतात्मा चौकात 1864 चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक शेजारी-शेजारी आहे. तिथून डावीकडे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीच्या जुन्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. अर्ध्या तासाचं हे आडवळण टाळू नका. परत काळा घोड्याला आलं की डेव्हिड ससून ग्रंथालय, जवळच्या गल्लीत 1884 चं निळं सिनेगॉग, आणि जहांगीर आर्ट गॅलरी, जिथे प्रवेश फुकट आहे.

एक ते चार वस्तुसंग्रहालयात काढा. या वेळात रस्त्यावर फिरणं म्हणजे पायांची आणि मूडची वाट लावणं. बहुतेकांची चूक अशी की संग्रहालय चारनंतर गाठतात, तोवर पाय बोलायला लागलेले असतात आणि दोन दालनांत सगळं उरकतं. जेवणाला बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा असेल तर तो हॉर्निमन सर्कलनंतर लगेच. तिथली वेळ आणि सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्या.

चारनंतर गेटवे, आणि मुक्काम असेल किंवा गाडी उशिराची असेल तर ओव्हल मैदानातून मरीन ड्राइव्ह. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलात की पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. 2018 मध्ये या दोन्ही रांगांना मिळूनच जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

उपनगरातून येणाऱ्यांनी भुयारी मेट्रो 3 वापरावी. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट तिन्ही तिच्यावर आहेत. लोकलने येणारच असाल आणि एक मुलगा, एक मुलगी असाल, तर गर्दीच्या वेळी त्याने साध्या आणि तिने महिलांच्या डब्यात चढणं सोयीचं पडतं. उतरून इंडिकेटरखाली भेटायचं आधीच ठरवा. रिक्षा या भागात येत नाहीत, काळी-पिवळी मीटरने घ्या.

मग कोणासाठी काय

खूप दिवसांनी भेटत असाल आणि बोलायचं साठलं असेल, तर आमचं मत फोर्टच्या बाजूने. चालताना बोलणं होतं, दमलात की कुठेही चहाला बसता येतं, एखादी गोष्ट गाळली तरी बिघडत नाही. लाँचवर इंजिनाच्या आवाजात गप्पा होत नाहीत आणि बेटावर घड्याळ डोक्यात राहतं. पण दोघांपैकी एकालाही शिल्पांची मनापासून ओढ असेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा वार हाती असेल आणि नऊच्या आत गेटवेला पोहोचता येत असेल, तर घारापुरीच करा. पहिल्या लाँचने गेलात तर दोनच्या आसपास परत येता. मग संग्रहालय सोडून द्यायचं, जेवायचं आणि संध्याकाळी फक्त ओव्हल व मरीन ड्राइव्ह.

घारापुरीला लाँच आणि गुंफेच्या तिकिटाचेच माणशी तीनशे-साडेतीनशे जातात. सामान असेल तर ते सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथे बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा.